गाठोड्यातला खेळ

आजचा विषय वरवर पाहता पोरखेळाचा आहे. फोनवर उतरवून घेतलेली खेळाची दाबलेली फाइल कशी सोडवावी आणि ती एम्युलेटरमध्ये कशी चालवावी, एवढंच मला सांगायचं आहे. आपण म्हणाल, यासाठी कॉलेजातल्या मास्तराला कशाला बोलावलं? कुठलंही बारा वर्षांचं पोर हे सांगेल. खरं आहे. पण ते पोर सांगेल ते 'आधी इथे दाबा, मग तिथे दाबा' एवढंच. कुठे का दाबायचं आणि कुठे मुळीच दाबायचं नाही, हे कळायला आत काय चाललं आहे ते थोडं ठाऊक असावं लागतं. ते ठाऊक नसलं म्हणजे काय होतं, हे मी घरातच पाहिलं, आणि म्हणूनच हा विषय निवडला.

गेल्या दिवाळीच्या सुटीत माझा चौदा वर्षांचा भाचा आमच्याकडे राहायला आला होता. हातात फोन; स्वतःचा नव्हे, आईचा. तिसऱ्या दिवशी दुपारी तो उतरल्या चेहऱ्याने माझ्याजवळ येऊन बसला. "मामा, ही फाइल सुटतच नाही. पासवर्ड मागते." मी चष्मा लावून पाहिलं. कुठल्याशा परक्या ठिकाणाहून त्याने ती उतरवली होती. दीड जी.बी.चा खेळ अवघ्या पन्नास एम.बी.त, असा तिचा डौल. आत आणखी एक फाइल, तिला कुलूप, आणि किल्ली हवी असेल तर अमुक एक ॲप बसवा, असा हुकूम. ते ॲप त्याने अजून बसवलं नव्हतं, हे नशीब. "मग एवढा रडवेला का झालास?" असं विचारलं तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. फोनमध्ये जागा कमी पडत होती म्हणून त्याने काही फोल्डर पुसून टाकले होते. त्यांची नावं म्हणजे नुसते आकडे. त्याला वाटलं, कचरा असेल. ते आकडे होते साल आणि आठवडा यांचे. व्हॉट्सॲपवरचे आवाजी निरोप फोनमध्ये अशाच आकडी नावांच्या फोल्डरांत साठतात. माझे वडील, म्हणजे त्याचे आजोबा, अक्षरं टिपत बसायला कंटाळत. रोज सकाळी ते ताईला बोलूनच निरोप पाठवीत. अण्णांना जाऊन तीन वर्षं झाली. त्यांचा आवाज त्या आकड्यांत होता.

त्याचं पुढे काय झालं ते मी शेवटी सांगतो. आधी मूळ विषयाकडे वळू.

एम्युलेटर म्हणजे काय? आपल्याकडे बहुरूपी येत असे. कधी पोलीस होऊन येई आणि दारात उभा राहून असा काही हुकूम सोडी की घरातला म्हातारा माणूसदेखील क्षणभर दचके. तो पोलीस नसे, पण पोलिसाची चाल, बोली, ऐट सगळं त्याने उचललेलं असे. एम्युलेटर हा असाच बहुरूपी. तो असतो आपल्या फोनमधला एक प्रोग्राम. पण एखाद्या जुन्या खेळयंत्राचं सोंग इतकं तंतोतंत घेतो की त्या यंत्रासाठी लिहिलेला खेळ फसतो आणि आपल्या मूळ घरीच आहोत असं समजून सुरू होतो.

एकच उदाहरण घेऊ, म्हणजे बोलणं भरकटणार नाही. डिसेंबर २००४ मध्ये सोनी कंपनीने जपानात प्लेस्टेशन पोर्टेबल, म्हणजे पी.एस.पी., हे हातात धरून खेळायचं यंत्र बाजारात आणलं. त्याचे खेळ यू.एम.डी. नावाच्या ६० मिलिमीटर व्यासाच्या लहानशा तबकडीवर येत. एका तबकडीत जास्तीत जास्त १.८ जी.बी. मजकूर मावे. २०१४ साली सोनीने हे यंत्र दुकानांकडे पाठवणंही थांबवलं. तबकड्या उरल्या, यंत्रं बिघडत चालली. पण त्याआधीच, २०१२ साली, हेन्रिक रिडगार्ड या स्वीडिश प्रोग्रामरने पी.पी.एस.एस.पी.पी. नावाचा एम्युलेटर प्रसिद्ध केला होता. तो फुकट मिळतो आणि त्याचा मूळ आराखडाही कोणालाही वाचायला खुला आहे. पी.एस.पी.च्या प्रोसेसरला कळणारी भाषा वेगळी, आपल्या फोनच्या प्रोसेसरची वेगळी. हा बहुरूपी खेळाची एकेक आज्ञा घेतो आणि चालता चालता तिचं फोनच्या भाषेत भाषांतर करतो. दुभाष्याचं काम म्हणा ना.

मात्र बहुरूपी सोंग आणतो, नाटकाची संहिता आणीत नाही. एम्युलेटरबरोबर खेळ येत नाही. तो आपण द्यायचा असतो. तबकडीची हुबेहूब नक्कल एकाच फाइलमध्ये करून ठेवली की तिला आय.एस.ओ. फाइल म्हणतात. तबकडीवर मजकूर कसा मांडावा याचा जो आंतरराष्ट्रीय नियम १९८८ साली ठरला, त्याचा क्रमांक आय.एस.ओ. ९६६०, त्यावरून हे नाव रूढ झालं. आणि ही भली मोठी फाइल ठेवायला किंवा पाठवायला सोपी जावी म्हणून ती दाबून, आवळून एका गाठोड्यात बांधतात. त्या गाठोड्याचं नाव झिप, आर.ए.आर. किंवा सेव्हन-झेड. फाइलच्या नावाच्या शेवटी टिंबापुढे जी दोन-तीन अक्षरं असतात, त्यांवरून गाठोडं कुठलं ते कळतं.

आता 'दाबलं' म्हणजे केलं काय? कापूस दाबतात तशी फाइल दाबता येत नाही; तिच्यात हवा नसते. मग जागा वाचते कशी?

आरतीचं छापील पुस्तक आठवा. ध्रुवपद पहिल्या कडव्यानंतर एकदाच संपूर्ण छापतात. पुढच्या कडव्यांखाली दोन दंडांमध्ये नुसतं 'धृ.' असतं. म्हणणारा मात्र प्रत्येक वेळी ध्रुवपद पुरतं म्हणतो. एक अक्षर गाळत नाही. कागद वाचला, आरती तेवढीच राहिली. हैफाच्या टेक्निऑन संस्थेतले अब्राहम लेंपेल आणि जेकब झिव्ह या दोघांनी १९७७ साली जी युक्ती मांडली तिचं सार हेच आहे. मजकूर वाचत जायचं. आधी येऊन गेलेला तुकडा पुन्हा आला की तो पुन्हा लिहायचा नाही, 'इतकी अक्षरं मागे जा आणि तिथून इतकी उचल' एवढीच खूण लिहायची. हे दोघेही विद्वान २०२३ साली, दोन महिन्यांच्या आत एकामागोमाग निवर्तले.

माझ्या वयाच्या श्रोत्यांना आणखी एक दाखला पटेल. १९९० नंतरच्या दशकात टीव्हीला जोडायची खेळाची यंत्रं आपल्याकडे पुष्कळ घरांत आली. त्यांच्या कॅसेटवर छापलेलं असे, '९९९९ इन १', म्हणजे एका कॅसेटमध्ये नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ. आम्ही मुलं यादी खाली सरकवत जायचो आणि थोड्याच वेळात कळायचं की मोजके पाच-सात खेळ निरनिराळ्या नावांनी पुन्हापुन्हा दाखवले आहेत. ती लांबलचक यादी कोणी शहाण्या माणसाने दाबली असती तर एका चिठोऱ्यावर मावली असती. ज्यात पुनरुक्ती जास्त, ते जास्त दबतं, हा पहिला नियम.

दुसरी युक्ती तारखात्याची. आपल्याकडची तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण मोर्सची लिपी पुष्कळांना आठवत असेल. इंग्रजीत 'ई' हे अक्षर सर्वांत जास्त वेळा येतं, म्हणून त्याला एकच ठिपका. 'क्यू' क्वचित येतं, त्याला चार खुणा. जे वारंवार लागतं त्याला छोटी खूण, जे विरळा त्याला लांब. अशा खुणा जास्तीत जास्त काटकसरीने कशा ठरवाव्यात हा प्रश्न अमेरिकेतल्या एम.आय.टी.मध्ये प्राध्यापक फानो यांनी वर्गाला घातला होता: एक तर हे सोडवा, नाही तर परीक्षा द्या. डेव्हिड हफमन नावाच्या विद्यार्थ्याला परीक्षा टाळायची होती. त्याने ते सोडवलं, आणि १९५२ साली त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. परीक्षा चुकवण्याची इतकी उत्तम सबब मला तरी आजवर कोणी दिलेली नाही.

फिल कॅट्झ या अमेरिकन प्रोग्रामरने १९८९ साली झिप हे गाठोडं तयार केलं, त्याची रचना सर्वांसाठी खुली केली आणि पुढे त्यात या दोन्ही युक्त्या एकत्र केल्या. वयाच्या सदतिसाव्या वर्षी, २००० साली, तो वारला. पण झिप फाइल उघडून पाहिली तर तिची पहिली दोन अक्षरं आजही 'पी' आणि 'के' अशीच असतात. ती त्याच्या कंपनीची आणि त्याच्या नावाची. आर.ए.आर. हे रशियाच्या युजीन रोशाल यांचं काम, १९९३ चं. सेव्हन-झेड हे इगोर पाव्हलोव्ह यांचं, १९९९ चं. झिपला मागे वळून बघायचं तर साधारण ३२ के.बी. इतकंच मागचं दिसतं. सेव्हन-झेडची नजर कितीतरी एम.बी. मागे पोचते, म्हणून त्याचं गाठोडं अधिक लहान होतं. पण ते सोडवतानाही तेवढा मागचा मजकूर ध्यानात धरावा लागतो, आणि त्यामुळे कमी मेमरीचा फोन कधीकधी दमतो.

इथे एक गोष्ट ठसवून सांगतो. या पद्धतीत काहीही हरवत नाही. फोटो लहान केला की त्यातला बारकावा जातो. तसं इथे होत नाही. खेळाच्या फाइलमधला एक कण जरी इकडचा तिकडे झाला तरी खेळ बंद पडू शकतो. म्हणून गाठोड्यात प्रत्येक फाइलबरोबर तिच्या संपूर्ण मजकुरावरून काढलेला एक पडताळ्याचा आकडा ठेवलेला असतो, त्याला सी.आर.सी. म्हणतात. सोडवून झाल्यावर तोच हिशेब पुन्हा करायचा आणि दोन आकडे जुळतात का ते पाहायचं. वाटेत फाइल आपोआप बिघडली असूनही आकडा योगायोगाने जुळण्याचा संभव सुमारे ४२९ कोटींत एक. तेव्हा 'सी.आर.सी. चुकला' असा निरोप आला तर फोनला दोष देऊ नये. फाइल अर्धवट उतरली आहे किंवा वाटेत खराब झाली आहे, असं समजून ती पुन्हा आणावी.

आणि आता त्या पन्नास एम.बी.च्या डौलाकडे या. काही हरवू द्यायचं नसेल तर दाबण्याला सीमा असते. आरतीत ध्रुवपद आहे म्हणून ती दबते. ज्यात काहीच पुन्हा येत नाही, त्याला 'धृ.' कुठून लावणार? खेळातली चित्रफीत आणि संगीत ही बनवणाऱ्यांनी आधीच आवळून ठेवलेली असतात. पिळलेल्या धोतरातून पुन्हा बादलीभर पाणी निघत नाही. याला एक अपवाद आहे. तबकडी भरून काढण्यासाठी काही खेळांत निरर्थक शून्यांची भरताड केलेली असते, ती मात्र दाबताना जवळजवळ नाहीशी होते. तेव्हा दीड जी.बी.चे आठशे एम.बी. झाले तर नवल नाही, क्वचित त्याहूनही कमी होतील. पण चित्रफिती आणि संगीत यांनी भरलेला खेळ तिसाव्या हिश्शात मावतो असं कोणी सांगितलं, तर दोनपैकी एक गोष्ट खरी असते: एक तर त्यातली गाणी-चित्रफिती कापून टाकलेल्या आहेत, नाही तर आत खेळच नाही.

आता कोणी विचारील, गाठोडं सोडवायचंच कशाला? बांधलेलंच एम्युलेटरला द्यावं. जुन्या कॅसेटच्या खेळांच्या बाबतीत पुष्कळ एम्युलेटर ते चालवूनही घेतात. गेमबॉयवरचा टेट्रिस अवघा ३२ के.बी., पहिला सुपर मारिओ ब्रदर्स ४० के.बी.; आपल्या फोनचा एक फोटो याच्या कितीतरी पट मोठा असतो. एवढंसं गाठोडं क्षणात सुटतं आणि मेमरीत मावतं. तबकडीच्या खेळाचं तसं नाही. तो खेळताना कधी सुरुवातीचा मजकूर मागतो, कधी शेवटचा, कधी मधलाच. आरतीच्या पुस्तकात थेट चौथं कडवं उघडलं आणि खाली नुसतं 'धृ.' दिसलं, तर मागची पानं उलटावी लागतात. दीड जी.बी.च्या गाठोड्यात दर क्षणी मागे जात बसलं तर खेळ कधी चालायचा? म्हणून आधी सगळं सोडवून पुरतं लिहून काढायचं. यावर एक मध्यम मार्गही आहे. सी.एस.ओ. नावाच्या फाइलीत तबकडीचे छोटे छोटे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा स्वतंत्र दाबतात आणि कुठला तुकडा कुठे आहे याची अनुक्रमणिका सुरुवातीला देतात. पी.पी.एस.एस.पी.पी. ती फाइल न सोडवता वाचतो. जागा थोडी वाचते, काम अडत नाही.

प्रत्यक्ष कृती आता सहज समजेल.

पहिलं काम हिशेबाचं. गाठोडं आठशे एम.बी.चं आणि आतला खेळ दीड जी.बी.चा असेल तर फोनमध्ये एका वेळी दोन्ही राहणार. म्हणजे दोन जी.बी. तीनशे एम.बी. जागा लागली, आणि वर थोडी सैल जागा हवीच. आत केवढी फाइल आहे हे गाठोडं न सोडवताही दिसतं. उघडून नुसती यादी पाहावी. जागा नसेल तर काम सुरूच करू नये. जागा करायची तर आधी नको असलेली ॲप काढावीत. जे फोल्डर कशाचे आहेत ते आपल्याला ठाऊक नाही, त्यांना हात लावू नये. मेमरी कार्डावर ठेवणार असाल तर आणखी एक अट आहे. कार्ड फॅट-३२ या जुन्या पद्धतीने आखलेलं असेल तर ४ जी.बी. किंवा त्याहून मोठी फाइल त्यावर बसत नाही, मग कार्ड कितीही रिकामं असो. पी.एस.पी.च्या खेळांना ही अडचण नाही, डी.व्ही.डी.वरच्या खेळांना येऊ शकते.

दुसरं काम, सोडवणारा हाताशी ठेवणं. झिप उघडण्याची सोय बऱ्याच अँड्रॉइड फोनांत मुळातच असते. आर.ए.आर. आणि सेव्हन-झेड यांच्यासाठी झेडआर्कायव्हरसारखं ॲप घ्यावं, आणि तेही फोनच्या अधिकृत ॲपभांडारातूनच. हे ॲप फाइलींपर्यंत पोचण्याची परवानगी मागेल. त्याचं कामच ते आहे, द्यावी. पण फाइल सोडवणारं ॲप तुमचे संदेश वाचण्याची किंवा फोन करण्याची परवानगी मागू लागलं तर तिथेच थांबावं.

तिसरं, प्रत्यक्ष सोडवणं. 'खेळ' अशा काही नावाचा वेगळा फोल्डर करावा आणि गाठोडं त्यात आणावं. गाठोड्यावर बोट ठेवलं की दोन पर्याय दिसतात: 'इथेच काढा' आणि 'फाइलच्या नावाच्या फोल्डरात काढा'. नेहमी दुसरा निवडावा. आत एकच फाइल असेल असं आपण धरून चालतो, आणि शंभर निघाल्या तर 'इथेच' म्हणजे घरभर पसारा होतो. गाठोडं भाग एक, भाग दोन असं तुकड्यांत असेल तर सगळे भाग एकाच फोल्डरात, नावं न बदलता ठेवावेत आणि फक्त पहिला उघडावा. बाकीचे तो आपण होऊन शोधतो. एक भाग जरी कमी असला तरी काम अडतं. खंडात्मक कोशाचा मधला खंड हरवावा तसं. काम चालू असताना फोन तसाच ठेवावा. दुसरीच ॲप उघडत बसलं तर अँड्रॉइड मागचं काम मधेच मारून टाकतो, आणि अर्धी फाइल पुरी वाटू लागते.

चौथं, पडताळा. सुटल्यावर आय.एस.ओ. किंवा सी.एस.ओ. फाइल दिसली पाहिजे आणि तिचं आकारमान यादीत दिसलं होतं तेवढंच भरलं पाहिजे. काही मुलं सोडवण्याचा कंटाळा करून झिप फाइलचं नावच बदलून आय.एस.ओ. करतात. नाव बदलल्याने माणूस बदलत नाही. आत पहिली अक्षरं 'पी' आणि 'के' तशीच राहतात. खेळयंत्राच्या दृष्टीने ती काही तबकडी होत नाही. पहिल्या प्लेस्टेशनच्या खेळांत मात्र बिन आणि क्यू अशा दोन फाइली जोडीने निघतात. मजकूर बिनमध्ये, तो कसा वाचायचा याची चिठ्ठी क्यूमध्ये. दोन्ही एकत्र ठेवायच्या आणि एकीचंच नाव बदलायचं नाही, कारण चिठ्ठीत दुसरीचं नाव लिहिलेलं असतं.

पाचवं, एम्युलेटरला पत्ता देणं. २०२० साली आलेल्या अँड्रॉइड ११ पासून प्रत्येक ॲपला साऱ्या घरात मोकळं फिरता येत नाही. आपण दाखवू त्याच खोलीत त्याला जाता येतं. 'खेळ दिसतच नाही' या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा इथे असतं. पी.पी.एस.एस.पी.पी. उघडून तो 'खेळ' फोल्डर निवडावा, परवानगी द्यावी, म्हणजे खेळाचं चित्र समोर येतं. खेळ नीट सुरू झाला, थोडा खेळून पाहिला, की मगच मूळ गाठोडं पुसावं. आधी नाही.

आता धोक्याबद्दल. एक सोपी कसोटी सांगतो. ती घरातल्या मुलांना पाठच करून ठेवू द्या. तबकडीचा खेळ हा फोनवर 'बसवायचा' नसतो. एम्युलेटर बसवायचा, एकदाच. खेळ नुसता वाचायचा असतो. म्हणून गाठोडं सोडवल्यावर आत ए.पी.के. किंवा ई.एक्स.ई. फाइल निघाली, किंवा पासवर्डसाठी आधी दुसरं काही बसवायला सांगितलं, तर ते पी.एस.पी.चं सामान नव्हे. सी.आर.सी.चा आकडा जुळला म्हणून निर्धास्त होऊ नये. तो आकडा फाइल वाटेत मोडली नाही एवढंच सांगतो, बांधणाऱ्याची नियत सांगत नाही. विषाची बाटलीसुद्धा न फुटता पोचू शकते. असं एखादं ॲप आत घेतलं आणि त्याला संदेश वाचू दिले की बँकेचा ओ.टी.पी. त्याच्या हाती पडतो. आणि मुलाच्या हातातला फोन बहुधा आईचा किंवा बापाचा असतो, हे विसरता कामा नये.

मग खेळ आणायचा कुठून, हा प्रश्न उरतो, आणि तो टाळणं बरं नव्हे. एम्युलेटर बनवणं-वापरणं हा गुन्हा नव्हे. २००० साली अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यात एम्युलेटर बनवणाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. पण खेळ ही कोणाची तरी निर्मिती आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ५२ मध्ये, ज्याच्याकडे संगणक-प्रोग्रामची प्रत कायदेशीरपणे आहे त्याला, ती हरवू-बिघडू नये म्हणून त्या प्रतीवरून राखीव प्रत करण्याची मुभा आहे. म्हणजे आपल्या तबकडीवरून आपण केलेली प्रत ही एक गोष्ट, आणि परक्याने वाटलेली प्रत उतरवून घेणं ही दुसरी. तबकडी नसेल तरी निराश व्हायचं कारण नाही. जुन्या यंत्रांसाठी आजही हौशी लोक नवे खेळ लिहितात आणि खुशीने फुकट देतात. २०१७ साली गेमबॉयसाठी लिहिलेला 'टोबू टोबू गर्ल' हा त्यांपैकीच. खेळही मोफत, त्याचा आराखडाही खुला. शिकायला सुरुवात करायची ती अशा खेळापासून.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. तीत असं दिसलं की, २०१० पूर्वी त्या देशात निघालेल्या खेळांपैकी सुमारे ८७ टक्के खेळ आता बाजारात विकत मिळतच नाहीत. मी साहित्य शिकवणारा माणूस आहे. जुन्या पोथ्या कशा वाचल्या ते मला ठाऊक आहे: कोणी तरी नक्कल करून ठेवली म्हणून. जिची एकच प्रत होती ती वाळवीने खाल्ली, जिच्या दोन होत्या तिच्यातली एक उरली. एम्युलेटर आणि ही गाठोडी यांच्यामुळे आजच्या काळातली एक करमणूक पुढच्या पिढीला पाहायला मिळणार आहे. ते काम नीट, रीतीने आणि दुसऱ्याचं न लुबाडता व्हावं, इतकंच माझं म्हणणं.

आता अण्णांच्या निरोपांचं सांगायचं राहिलं. पुसलेले फोल्डर परत आले नाहीत. आम्ही दोघे संध्याकाळपर्यंत बसलो, कचरापेटी धुंडाळली, तिथे काही सापडलं नाही. ताईला एकटीलाच पाठवलेले निरोप गेले ते गेले. पण घरच्या सर्वांच्या गटावर जे पाठवले होते, ते माझ्या फोनवर होते: एकंदर एकवीस. रात्री भाच्याने ते सगळे एका फोल्डरात गोळा केले आणि त्यांची झिप बांधली. आवाजी निरोप आधीच दाबलेले असतात, त्यामुळे फाइल जवळजवळ लहान झालीच नाही. तो म्हणाला, "मामा, काहीच कमी झालं नाही." मी म्हटलं, "कमी व्हायला नकोच आहे. एका ठिकाणी बांधलेलं राहिलं म्हणजे झालं." ती फाइल त्याने आईच्या फोनवर, माझ्या संगणकावर आणि एका पेनड्राइव्हवर ठेवली, आणि तिन्ही ठिकाणी सोडवून, एकेक निरोप वाजवून पाहिला.

भाऊबीजेला ताई आली तेव्हा त्याने आपण होऊन तिला सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "लाव एखादा." त्याने लावला. अण्णा विचारत होते, गॅस संपत आला होता तो भरून आला का.

श्रोते हो, फाइल कशी सोडवायची ते मुलं आपल्याला शिकवतील. सोडवण्यापूर्वी काय जपून ठेवायचं, हे मात्र आपण त्यांना सांगायचं आहे. आज घरी गेल्यावर फोनमधले ते आकड्यांच्या नावांचे फोल्डर एकदा उघडून पाहा, आणि आत जे सापडेल त्याची आणखी एक प्रत करून ठेवा.